नव्या घराचं वायरिंग: पॉवर प्लगचा लोड धरायचा तरी कसा?

कळंबेकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला घर बांधतोय. खाली आई-वडील आणि आम्ही, वर दोन खोल्या. स्लॅब झालाय, भिंती उभ्या आहेत, आता पाइप टाकायला सुरुवात होईल. त्याआधी एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये म्हणून धागा काढतोय.

मोजणी अशी: दिवे २४, पंखे ८, साधे प्लग (६ अँपिअरचे) २६ आणि मोठे पॉवर प्लग १२. मोठ्यांपैकी स्वयंपाकघरात ४, गिझरला २, एसीला २. वॉशिंग मशीन, घरघंटी, पाण्याची मोटर आणि पोर्चमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर यांना एकेक.

दोन वायरमनना विचारलं. पहिला म्हणाला, एक पॉवर प्लग १६ अँपिअरचा, असे बारा, म्हणजे ४४ किलोवॅट धरा. दुसरा म्हणाला, महावितरणच्या अर्जात पाच किलोवॅट लिहून टाका, सगळी तसंच लिहितात, बघायला कोण येतंय.

आता ४४ आणि ५ च्या मध्ये कुठंतरी खरा आकडा असणार. तो काढतात कसा? सिंगल फेज पुरेल का? वायर अडीच चौरस मिमीची की चारची? वडील म्हणतात जुन्या घरात एका फ्यूजवर तीस वर्षं काढली, तुमचंच काय नवीन.

बारक्या

४४ किलोवॅट? दादा, घर बांधताय का फौंड्री?

उद्यमनगरी

फौंड्रीला ४४ मध्ये काय होतंय बारक्या, भट्टी तापायची न्हाई.

कळंबेकर, पहिल्या वायरमनचं एक बरोबर हाय. प्लग १६ चा हाय म्हंजे त्यातनं १६ जाऊ शकतंय. पण जाऊ शकतंय आणि जातंय यात फरक हाय का न्हाई? तुमच्या मोटरच्या प्लगातनं कधी १६ जाणारच न्हाई. अर्ध्या एचपीची मोटर अडीच-तीन अँपिअर घेती, चालू होताना क्षणभर जास्त, बास.

दोनशेतीस व्होल्ट

सरकारी बांधकामांच्या वीजकामात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

घोळ होतो तो दोन वेगळे हिशोब एकत्र केल्यामुळे. पहिला हिशोब एका सर्किटचा: डीबीतल्या (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतल्या) एका एमसीबीपासून (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचपासून) निघालेली वायर ज्या प्लगांना जाते, त्या प्लगांवर एकाच वेळी जास्तीत जास्त काय चालू शकेल? इथे सूट धरायची नाही. दुसरा हिशोब अख्ख्या घराचा: मीटरपासून डीबीपर्यंतची मेन वायर, मेन स्विच आणि महावितरणकडे मागायचा मंजूर भार. इथे सूट धरायची, कारण घरातली सगळी उपकरणं एकदम कधीच चालत नाहीत. तुमच्या पहिल्या वायरमनने पहिल्या हिशोबाचा आकडा दुसऱ्यात घातला. दुसऱ्याने हिशोबच केला नाही.

आता आकडे. प्लगवर काय लागणार हे माहीत नसेल तेव्हा आपल्याकडच्या वायरिंगच्या मानकांत ठरावीक वॅट धरायची पद्धत आहे. दिव्याला ६०, पंख्याला ६०, ६ अँपिअरच्या प्लगला १०० आणि १६ अँपिअरच्या प्लगला १००० वॅट. त्या हिशोबाने तुमचं घर: दिवे-पंखे ३२ गुणिले ६० म्हणजे १९२०, साधे प्लग २६०० आणि पॉवर प्लग १२०००. एकूण १६,५२० वॅट. साडेसोळा किलोवॅट हा झाला जोडलेला भार. हा एकाच वेळी ओढला जाणारा भार नव्हे.

पण ध्यानात ठेवा, १००० वॅट हा आकडा फक्त 'माहीत नाही' या परिस्थितीसाठी आहे. जिथे गिझर येणार हे ठरलेलंच आहे तिथे गिझरचे खरे वॅट धरायचे. तेव्हा प्रत्येक प्लगवर काय येणार ते लिहून काढा, मग पुढचं सांगतो.

कळंबेकर

काका, लगेच लिहून काढलं. काही उपकरणं घरात आहेत, त्यांच्या मागच्या पट्टीवरचे वॅट बघितले, बाकीच्यांचे दुकानात विचारून आलो.

गिझर २००० चे दोन. एसी दीड टनाचे दोन, प्रत्येकी जास्तीत जास्त १७०० धरलेत. इंडक्शन शेगडी २०००, मायक्रोवेव्ह १२००, पाण्याची किटली १५००, स्वयंपाकघरातला चौथा प्लग मोकळा. वॉशिंग मशीन वरून कपडे टाकायचं, ४००. घरघंटी एक एचपीची, १००० धरलेत. मोटर अर्धा एचपी, ५५०. स्कूटरचा चार्जर ७५०. बेरीज १४,८००.

साध्या प्लगांवर: इस्त्री १०००, मिक्सर ७५०, फ्रिज १५०, टीव्ही १००, वॉटर प्युरिफायर ५०, कॉम्प्युटर आणि मोबाइलचे चार्जर मिळून ३००. बेरीज २३५०.

दिवे सगळे एलईडी, १० वॅटचे, म्हणजे २४०. पंखे ७५ चे आठ, ६००. मिळून ८४०.

एकूण १७,९९०. म्हणजे मानकाच्या आकड्यापेक्षा वरच गेलं की!

दोनशेतीस व्होल्ट

जाणारच. १००० ची सरासरी आहे, तुमच्या यादीत दोन-दोन हजारांची उपकरणं भरपूर. उलट दिव्यांकडे बघा: ६० वॅट हा आकडा पिवळ्या बल्बच्या जमान्यातला, तिथे तुमचा भार निम्म्याहून खाली आला. एकेकाळी घरातला भार दिव्या-पंख्यांचा असायचा, आता तो स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये आहे.

आता डायव्हर्सिटी, म्हणजे सगळं एकदम चालत नाही म्हणून धरायची ती सूट. राष्ट्रीय विद्युत संहितेत याचा तक्ता आहे. एका घरासाठी थोडक्यात असं: दिवे-पंखे ६६ टक्के धरा. थर्मोस्टॅटवाल्या गिझरना सूट नाही, पूर्ण धरा, कारण थंडीत सकाळी ते खरंच एकत्र चालतात. बाकीच्या प्लगांत सगळ्यात मोठा एक पूर्ण, उरलेल्यांचे ४० टक्के.

तुमच्या घराला लावू. दिवे-पंखे ८४० चे ५५४. गिझर ४०००. उरलेले पॉवर प्लग १०,८००. त्यात इंडक्शन पूर्ण २००० आणि उरलेल्या ८८०० चे ४० टक्के म्हणजे ३५२०. साध्या प्लगांत इस्त्री पूर्ण १०००, उरलेल्या १३५० चे ५४०. सगळं मिळून ११,६१४ वॅट. भागिले २३०, साधारण साडेपन्नास अँपिअर.

महावितरणची सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंतची. त्यामुळे कागदावर तरी तुम्ही थ्री फेजमध्ये जाता.

पेठेतली सून

काकांच्या हिशोबाबद्दल आदर आहे, पण मी मंगळवार पेठेत सात माणसांचं घर चालवते, म्हणून विचारते. एसी आणि गिझर एकत्र कधी लावणार हो? एप्रिलमध्ये आमच्याकडे गिझरचा स्विच बंद असतो, आणि डिसेंबरमध्ये एसीवर कापडी खोळ चढलेली असते. मग दोन्ही धरायचे कशाला?

माझ्या मते खरी परीक्षा थंडीत सकाळी सातला. दोन गिझर ४०००, एका बाजूला इंडक्शनवर चहा-दूध २०००, मिक्सरमध्ये चटणी ७५०, टाकी भरायला मोटर ५५०, कुणीतरी शाळेचा शर्ट इस्त्री करतंय १०००, फ्रिज १५०, दिवे-पंखे ३००. बघा, ८७५० होतात.

दोनशेतीस व्होल्ट

ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. जे भार एकमेकांच्या वाट्याला येतच नाहीत, त्यांतला मोठा तेवढा धरायचा. तसं केलं तर एसीच्या ३४०० चे धरलेले १३६० वजा होतात आणि १०,२५४ उरतात. साडेचव्वेचाळीस अँपिअर. तुमच्या सकाळी सातच्या यादीचे ३८ अँपिअर होतात.

म्हणजे तक्ता ४४ म्हणतो आणि तुमचा अनुभव ३८. दोन्ही ४० च्या काठावर. काठावर राहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी राहिलो नसतो. त्या ३८ मध्ये कुणी किटली लावली की साडेसहा अँपिअर वाढले, मेन पडला, आणि साबण लावलेला माणूस बाथरूममधून ओरडायला लागला.

बारक्या

आमच्याकडं हे दर रविवारी होतंय. रश्श्याचं वाटण मिक्सरला, पांढऱ्याचं खोबरं तयार, आणि गिझरवाला आत. मेन पडला की दोष मात्र मटणवाल्याला.

उद्यमनगरी

सोलर वॉटर हीटर लावा की गच्चीवर. आपल्याकडं ऊन काय कमी हाय व्हय. पावसाळ्यात तेवढा एक गिझर लागंल. मग २००० गेले, काकांच्या १०,२५४ मधून ८२५४ ऱ्हायले, छत्तीस अँपिअर. सिंगल फेजात बसतंय.

आणि उन्हाळ्यात तर गिझर न्हाईतच. ११,६१४ मधून ४००० काढा, ७६१४. तेहतीस अँपिअर. दोन्ही एसी चालवा, बिनघोर.

गिरगावकर नाही

बसतंय हो, पण पुढं काय? पोर्चमध्ये स्कूटरचा पॉइंट ठेवलाय, म्हणजे पाच-सात वर्षांत तिथं गाडी येणार. चारचाकीचा घरगुती चार्जर १६ अँपिअरवाला ३.३ किलोवॅट घेतो आणि ३२ अँपिअरवाला ७.४ किलोवॅट. आणि तो गिझरसारखा वीस मिनिटांत थांबत नाही, रात्रभर सलग ओढतो. सिंगल फेजमध्ये ३२ अँपिअर एकट्या गाडीला दिले तर घरानं मेणबत्ती लावायची का?

कळंबेकर

गाडीचा विचार आहे, पण आत्ता नाही. थ्री फेज घेतलं तर स्थिर आकार जास्त पडतो असं ऐकलंय, म्हणून थांबलोय.

दोनशेतीस व्होल्ट

पडतो. थ्री फेज घरगुती जोडणीचा महिन्याचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा जास्तच आहे, नेमका दर चालू बिलावर किंवा महावितरणच्या दरपत्रकात बघा.

मधला मार्ग सांगतो. आत्ता सिंगल फेज घ्या, पण मीटरपासून डीबीपर्यंतचा पाइप मोठा टाका आणि डीबी थ्री फेजची बसवा. पाच वर्षांनी नुसत्या वायरी ओढायच्या, भिंत फोडायची नाही. फक्त एक सांभाळा: सिंगल फेज असेपर्यंत सगळा करंट एका फेजमधून आणि न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) जाणार. ३६ ते ४० अँपिअरला ६ चौरस मिमी वायर पुरत नाही. कंपन्यांच्या तक्त्यांत पाइपमधल्या तांब्याच्या ६ च्या वायरला साधारण ३१ अँपिअर दिलेले असतात, १० ला ४२. म्हणून मेनला १० ची फेज आणि १० चीच न्यूट्रल. थ्री फेज झाल्यावर तोच ११.६ किलोवॅट तीन फेजमध्ये वाटला की प्रत्येकीला सरासरी १७ अँपिअर येतो, तिथे ६ ची वायरही आरामात चालते.

कळंबेकर

हे पटलं. आता आतल्या वायरीचं सांगा. आमचा वायरमन म्हणतो स्वयंपाकघरातले चारही प्लग एकाच अडीचच्या वायरवर लूप मारून देतो, वर ३२ चा एमसीबी लावतो, "कधी पडणार न्हाई".

उद्यमनगरी

पडणार न्हाई, जळंल! कुठल्या गावचा हाय हो ह्यो?

दोनशेतीस व्होल्ट

उद्यमनगरींनी एका वाक्यात सांगितलं, मी आकड्यांत सांगतो, कारण अख्ख्या धाग्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

एमसीबी उपकरणासाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. म्हणून क्रम असा: आधी भार, मग भारापेक्षा मोठा एमसीबी, मग एमसीबीपेक्षा जास्त पेलणारी वायर. पाइपमधल्या तांब्याच्या वायरींची क्षमता साधारण अशी: १ चौ.मिमी ला ११ अँपिअर, दीडला १३, अडीचला १८, चारला २४. अडीचच्या वायरवर ३२ चा एमसीबी म्हणजे वायर १८ ला दमते आणि राखणदार ३२ पर्यंत जागा होत नाही.

तो ३२ ला तरी जागा होतो का? नाही. मानकानुसार एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तासाभरात पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. ३२ ची १.४५ पट ४६ अँपिअर. अडीचच्या वायरमधून तासभर ४६ गेले तर पीव्हीसीचं काय होतं ते जुन्या घरांच्या बोर्डांमागे उघडून बघा, वायर बिस्किटासारखी तुटते.

स्वयंपाकघराचे चार प्लग एकाच वेळी: इंडक्शन २०००, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०. ५४५० वॅट, पावणेचोवीस अँपिअर. एका अडीचच्या वायरला हे झेपत नाही.

मानकातला नियम सोपा आहे: एका पॉवर सर्किटवर १६ अँपिअरचे दोनच प्लग. म्हणून स्वयंपाकघरासाठी दोन सर्किटं घ्या. जोड्या मात्र विचार करून लावा. इंडक्शन आणि किटली एकत्र घेतले तर ३५०० वॅट, सव्वापंधरा अँपिअर, १६ च्या एमसीबीच्या अगदी तोंडाशी. त्याऐवजी इंडक्शनसोबत मिक्सर (२७५०, बारा अँपिअर) आणि मायक्रोवेव्हसोबत किटली (२७००, पावणेबारा). दोन्हीकडे अडीचची वायर, १६ चा एमसीबी.

पेठेतली सून

ओट्यावर कुठला प्लग कुठं आहे ते आधी ठरवलं तरच या जोड्या टिकतील. नाहीतर सासूबाई किटली जिथं जवळ पडेल तिथंच लावतात. आमच्याकडं डाव्या कोपऱ्यातला आणि शेगडीजवळचा प्लग वेगळ्या सर्किटवर आहे, शेजारशेजारचे दोन एकावर नाहीत. त्यामुळं सहज कुणी लावलं तरी भार आपोआप वाटला जातो.

गिरगावकर नाही

ही फार कामाची सूचना. लिहून ठेवा कळंबेकर.

एक शंका काकांना. बाजारात बहुतेक वायरमन अडीचवर २० चा एमसीबी देतात. ते चूक म्हणायचं का?

दोनशेतीस व्होल्ट

वायर पाइपबाहेर, उघड्यावर असेल तर अडीचची क्षमता वाढते, तिथे २० चालतो. भिंतीतल्या पाइपात १६ ठेवा. प्लग १६ चा, एमसीबी १६ चा, भांडण नाही.

शिवाय क्षमतेचे ते आकडे पाइपात एकच सर्किट असताना धरायचे. एका पाइपातून दोन सर्किटं नेली तर ०.८ ने गुणा, तीन नेली तर ०.७ ने. अडीचच्या वायरचे १८ चे साडेबारा होतात. वायरमन पाइप वाचवायला एकात सगळं कोंबतात, तो खर्च वाचतो हे खरं, पण मग १६ चा एमसीबीसुद्धा वायरला राखू शकत नाही. स्वयंपाकघराची दोन सर्किटं दोन पाइपांतून न्या.

उद्यमनगरी

एक गोष्ट कुणी बोललं न्हाई. हिशोब कितीबी बरोबर करा, बोर्डातला स्क्रू ढिला ऱ्हायला की प्लग तापतोय. मी बघितलेल्या जळक्या बोर्डांत निम्म्याच्या वर ढिली जोडणी असती, लोड जास्त असं न्हाई. दोन अडीचच्या वायरी एका भोकात घालून पिळायच्या आणि अर्धा आटा फिरवायचा, हे करू देऊ नका. गिझर अर्धा तास चालवून प्लगला हात लावा. कोमट चालतंय, चटका बसला तर उघडायचं, मेन बंद करून.

आणि ती कन्व्हर्टर पिन. मोठी पिन छोट्या प्लगात घालायची. त्यो पॉवर प्लग न्हाई, दिव्याचं सर्किट हाय मागं. घरात आणूच नका.

कळंबेकर

हो, आईकडे तशी एक आहे. इस्त्रीसाठी वापरते.

साध्या प्लगांचं काय मग? २६ आहेत.

दोनशेतीस व्होल्ट

दिवे-पंख्यांच्या सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, जे आधी भरेल ते. तुमचे दिवे-पंखे ३२ आणि साधे प्लग २६, मिळून ५८ पॉइंट, म्हणजे किमान सहा सर्किटं. पाच दिवे-पंखे आणि पाच प्लग असं एक सर्किट घेतलं तर ३०० आणि ५०० मिळून बरोबर ८०० होतात. दीडची वायर, १० चा एमसीबी. खोलीप्रमाणे नुसतं तोडू नका. एका मजल्यावरचे दिवे दोन सर्किटांवर असले की एक पडलं तरी अंधार होत नाही.

इस्त्रीचा प्लग मात्र या सर्किटवर घेऊ नका. १००० वॅट एकटीचे होतात. वॉशिंग मशीनच्या सर्किटवर तिला १६ अँपिअरचा प्लग द्या. मिक्सर वर आधीच पॉवर सर्किटवर घेतलाय. फ्रिज स्वतंत्र ठेवा. त्याला भार म्हणून काही नाही, पण दुसऱ्या कशाने एमसीबी पडला आणि घरात कुणी नसलं तर दूध-भाजी जाते.

गिझर, एसी प्रत्येकी एकेक सर्किट. गिझरला पावणेनऊ अँपिअर लागतात, अडीच आणि १६ पुरेसं. एसीला तसे साडेसात अँपिअर, पण मी चारची वायर आणि २० चा सी प्रकारचा एमसीबी देतो. वायर लांब जाते, उद्या मोठा एसी आला तर भिंत फोडायला नको.

शाहूपुरी सहावी गल्ली

विषय थोडा बाजूला नेते, पण कोल्हापूरकरांनी वाचावं म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आमच्या भागात घरात पाणी आलं. तळमजल्याचे सगळे प्लग जमिनीपासून फूटभरावर, सगळे पाण्याखाली. कळंबेकर, तुमच्याकडं पंचगंगेचं पाणी येणार नाही, पण शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा, या बाजूला कुणी बांधत असेल तर दोन गोष्टी करा. तळमजल्याचे प्लग ओट्याच्या उंचीला घ्या, दिसायला बरं दिसत नाही पण चालतं. आणि तळमजल्याची सर्किटं वरच्या मजल्यापासून वेगळी ठेवा, वेगळी डीबीच बसवली तर उत्तम. पाणी ओसरून वीज परत आल्यावर आमचं खाली भिजलेलं आणि वर कोरडं एकाच आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) होतं. खालच्या ओल्या भिंतींमुळं वरसुद्धा वीज टिकेना. पावसात दोन आठवडे मेणबत्त्या.

दोनशेतीस व्होल्ट

ताईंचा मुद्दा पुराशिवायही लागू आहे. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, हा माणसाच्या जिवासाठी. गळणारा करंट पकडतो, जास्त भार पकडत नाही. तो एमसीबीच्या बदली नाही आणि एमसीबी त्याच्या बदली नाही. अख्ख्या घराला एकच लावला की एका गिझरच्या जुन्या कॉइलमुळे सगळं घर बंद. कळंबेकर, किमान दोन लावा, मजल्यानुसार. इन्व्हर्टर असेल तर वायरमनला आधीच सांगा, इन्व्हर्टरवरच्या दिव्यांची न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीच्या न्यूट्रलमध्ये मिसळली की तो विनाकारण पडत राहतो.

भिजलेल्या वायरिंगला वीज जोडण्याआधी मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासायचं. ५०० व्होल्टचा मेगर, वायर आणि अर्थिंगच्या मध्ये किमान एक मेगओहम दाखवला पाहिजे. नव्या घरातसुद्धा प्लास्टर झाल्यावर, बोर्ड बसवायच्या आधी हे करून घ्या. खिळा कुठल्या पाइपात गेलाय ते तेव्हाच कळतं.

गिरगावकर नाही

थ्री फेज झाल्यावर काय वाटणी करायची तेही आत्ताच ठरवा ना, डीबीत जागा त्याप्रमाणे लागेल.

दोनशेतीस व्होल्ट

बरोबर. नुसते वॅट सारखे वाटून भागत नाही, वेळ बघायची. सकाळी एकत्र चालणारे भार वेगळ्या फेजवर हवेत. लाल फेज: खालचा गिझर, खालचा एसी, खालचे दिवे, मोटर. पिवळी: स्वयंपाकघराची दोन्ही सर्किटं, इतर काही नाही. निळी: वरचा गिझर, वरचा एसी, वरचे दिवे, वॉशिंग मशीन आणि इस्त्री, घरघंटी. स्कूटर लालवर, ती रात्री चार्ज होते. गिझर आणि एसी एका फेजवर आले तरी हरकत नाही, पेठेतल्या ताई म्हणाल्या तसं ते वेगवेगळ्या ऋतूत चालतात.

मेन चार पोलांचा हवा, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा. थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटली तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्ट जाऊ शकतात, टीव्ही-फ्रिज जातात. म्हणून न्यूट्रलची जोडणी सगळ्यात घट्ट.

उद्यमनगरी

आणि फेज सिलेक्टर लावू नका. एक फेज गेली की लोक बटन फिरवून सगळं घर उरलेल्या फेजवर टाकत्यात. मग ती ६ ची मेन वायर किती खाणार?

बारक्या

ते बटन आमच्याकडं आहे, आणि ते फिरवायचा मान घरात फक्त आजोबांना.

कळंबेकर

सगळ्यांचे आभार. वायरमनसोबत बसून हे ठरलं, चूक असेल तर सांगा.

दिवे-पंखे-साधे प्लग सहा सर्किटं. स्वयंपाकघर दोन, फ्रिज एक, गिझर दोन, एसी दोन. वॉशिंग मशीन आणि इस्त्री एक. घरघंटी आणि मोटर मिळून एक. पोर्चला एक, तिथं आत्ताच ६ ची वायर टाकतोय, पुढं गाडी आली तर. एकूण सोळा सर्किटं, दोन आरसीसीबी, मेन १० ची, डीबी थ्री फेजची. गच्चीवर सोलर हीटर. अर्ज सिंगल फेजचा, भार ८.५ किलोवॅट.

वायरमन कुरकुरतोय, म्हणतो सोळा एमसीबी कुठल्या घरात असतात.

दोनशेतीस व्होल्ट

छान आहे. दोनच गोष्टी. पोर्चची ६ ची वायर ३१ अँपिअरची, ३२ चा चार्जर सलग रात्रभर चालवायला ती कमी पडते. ३.३ किलोवॅटचा चार्जर घेणार असाल तर ठीक, ७.४ चा घ्यायचा असेल तर आत्ताच १० टाका. तोवर प्लग १६ चा आहे म्हणून एमसीबी १६ चाच.

आणि मोटर घरघंटीसोबत नको, स्वतंत्र काढा. मोटर बोअरजवळ ओल्यात असते, तिथे गळती झाली की पीठ अर्धवट राहील. सतरा सर्किटं झाली.

उद्यमनगरी

वायरमनला सांगा, सतराव्या एमसीबीचे पैशे मी देतो, पण स्क्रू घट्ट कर.

कळंबेकर

पोर्चला १० टाकतो. पाइप सोमवारी सुरू. मेगरचा आकडा इथंच टाकेन.